घाई नाही, मिस्टर ट्वीडी

हीट पंप बंद पडला तो जूनच्या पहिल्या मंगळवारी, आणि मोरॅग रेनीने सर्वात आधी काय केलं, तर माफी मागितली.

त्यात विशेष काही नव्हतं. डनेडिनमध्ये तक्रार अशीच करतात. बस चाळीस मिनिटं उशिरा आली तरी तिथली माणसं उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतात. मोरॅगला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ड्रायव्हर तीच होती. मागच्या वर्षी दरीतल्या चढावर तिची बस गोठलेल्या दहिवरावरून घसरून एकाच्या कुंपणात शिरली, तेव्हा मागच्या दाराने उतरणाऱ्या नऊच्या नऊ जणांनी तिला थँक यू म्हटलं. कुंपणवाल्यानेही म्हटलं.

तेव्हा तिने कागद घेतला आणि घरमालकाला लिहिलं:

‘प्रिय मिस्टर ट्वीडी, तसदीबद्दल माफ करा. तुम्ही कामात असाल. बैठकीच्या खोलीतला हीट पंप गरम हवेऐवजी थंड हवा सोडतो आहे. चूक आमचीही असू शकेल. थंडी तशी फार नाही. घाई अजिबात नाही, सवड मिळेल तेव्हा बघा. – मोरॅग, खालचं घर.’

‘थंडी तशी फार नाही’ हे शब्द तिने हातमोजे घालून लिहिले. घर दरीच्या सावलीच्या बाजूला होतं. जून म्हणजे पृथ्वीच्या त्या टोकाला ऐन हिवाळा. तेव्हा तिथे ऊन अकरा वाजून वीस मिनिटांनी यायचं, आणि चुकीच्या घरी आल्यासारखं अकरा पन्नासला परत जायचं.

ट्वीडी वरच्या उतारावर झाडीमागे राहायचे. दोन वर्षांत ते तिला दोनदा दिसले होते, दोन्ही वेळा पाठमोरे. त्यांना फोन आवडत नसे, कारण फोनवर माणूस लगेच उत्तर मागतो. निरोप द्यायचा तर फाटकाच्या खांबातल्या लाकडी कप्प्यात ठेवायचा. पूर्वी दूधवाला त्यात बाटल्या ठेवायचा. दूधवाला बंद होऊन तीस वर्षं झाली, कप्पा तेवढा कामावर होता.

दुसऱ्याच दिवशी दाराखालून कागद आला. खाटकाच्या दुकानाच्या जुन्या कॅलेंडरचं पान, मागे पेन्सिलीने लिहिलेलं:

‘नोटीस. नियमाप्रमाणे चोवीस तास आधी कळवीत आहे. उद्या, गुरुवारी, दुपारी दोन वाजता हीट पंप पाहायला येईन. अडचण असल्यास कळवावे. – ट्वीडी.’

मोरॅगला बरं वाटलं. ‘घाई नाही’ लिहिलं तरी घाई पोचली होती.

आणि घाई खरोखरच होती, फक्त ती लिहायची नसते म्हणून लिहिली नव्हती. तिचे वडील अँगस मे महिन्यापासून इस्पितळात होते. छाती गेलेली. पस्तीस वर्षं मटणाच्या कारखान्यातल्या गोठणघरात काढलेली छाती ती, जाणारच होती. डॉक्टरांनी मोरॅगला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “वसंतापर्यंत, फार तर थोडं पुढे.” घरी न्यायला त्यांची हरकत नव्हती. अट एकच होती. बैठकीच्या खोलीत भर दुपारी अठरा अंश हवेत, नर्सने स्वतः येऊन मोजलेले. जुलै संपेपर्यंत जमलं नाही, तर म्हाताऱ्याची रवानगी दीड तासावरच्या वृद्धाश्रमात.

“पस्तीस वर्षं उणे अठरात उभा होतो,” म्हातारा फोनवर म्हणाला. “आता म्हणे अधिक अठरा लागतात. बेरीज शून्य. सुटलो.”

“बाबा, मालक उद्या येतायत बघायला.”

“इथे शेजारचा माणूस झोपेत मेंढ्या मोजतो गं. मोठ्याने. आणि चुकतो. काल सत्तेचाळीसनंतर एकदम साठ म्हणाला. मी रात्रभर त्या मधल्या बारा शोधत होतो.”

“थोडे दिवस कळ काढ.”

“काढतो. पण एक सांगून ठेवतो पोरी, मरायचं तर मी माझ्या खुर्चीत मरणार, खिडकीबाहेरच्या कोवाईच्या झाडाला पिवळी फुलं आलेली बघून. वृद्धाश्रमात नाही. तिथे संध्याकाळी साडेचारला जेवायला घालतात. साडेचारला जेवतो तो माणूस मेलेलाच असतो, त्याला फक्त कोणी सांगितलेलं नसतं.”

गुरुवारी मोरॅगने सुट्टी घेतली. दोनला पाच मिनिटं कमी असताना चहा ओतला, बशीत आल्याची तीन बिस्किटं ठेवली. कामाला आलेल्या माणसाला चहा हवा का असं विचारायचं नसतं, आणून ठेवायचा असतो. बरोबर दोन वाजता दारावर तीन टकटक झाल्या.

तिने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. धुकं होतं, फाटक होतं, फाटकापासून दारापर्यंतच्या गवतावर पांढरं दहिवर होतं, आणि ते कुठेही मोडलेलं नव्हतं. तरी आपलं सभ्यपणा म्हणून तिने दार थोडा वेळ उघडं धरलं. मग लावून घेतलं.

खोली आधीच सात अंशांवर होती. तिला अजून खाली जायला जागा असेल असं मोरॅगला वाटलं नव्हतं. पण खोली खाली गेली, जिना उतरावा तशी, एक एक पायरी. तिच्या तोंडातून वाफ निघायला लागली. ओल्या लोकरीचा वास आला. आणि भिंतीवरच्या हीट पंपाकडून, सावकाश, अगदी सावकाश, कुर्र असा आवाज आला. स्क्रू फिरवल्यासारखा. मग थांबला. मग पुन्हा कुर्र.

मोरॅगच्या अंगावर सरसरून काटा आला. मग तिने तिथे कोणीही केलं असतं तेच केलं. स्वयंपाकघरात निघून गेली. काम करणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहायचं नसतं.

चाळीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा खोली रिकामी होती. चहावर बर्फाची पातळ साय धरली होती. तीनपैकी दोन बिस्किटं संपली होती. तिसरं ठेवलं होतं, कारण शेवटचं कोणी उचलत नाही. बशीत एक स्क्रू होता. हीट पंपाखालच्या गालिच्यावर दोन चौकोनी ठसे होते, शिडीच्या पायांएवढे, दहिवराचे.

मागच्या दाराने आले असतील, असं तिने ठरवलं. मागचं दार ती राहायला आली तेव्हापासून फुगून बसलेलं होतं आणि त्याला टेकून कपाट उभं होतं. पण एवढं खोलात शिरायचं नसतं.

संध्याकाळी दाराखालून कागद आला. ‘पाहिलं. भाग मागवावा लागेल. – ट्वीडी.’

तिने उत्तर लिहिलं, ‘मनापासून आभार. घाई नाही.’

पुढच्या गुरुवारी पुन्हा नोटीस, पुन्हा टकटक, पुन्हा कुर्र. ‘भाग आला नाही.’ घाई नाही, मोरॅगने लिहिलं. त्यापुढच्या गुरुवारी: ‘भाग आला. दुसऱ्याच यंत्राचा आहे.’ अगदी चालेल, तिने लिहिलं, आणि आपण हे काय लिहिलं याचा पुढे दोन दिवस विचार केला. चौथ्या गुरुवारी बशीत सात स्क्रू जमले होते, आकाराप्रमाणे लावलेले. पाचव्या गुरुवारी हीट पंपाचं पांढरं झाकण भिंतीला टेकवून नीट खाली ठेवलेलं होतं.

दरम्यान तिने हातपाय मारून पाहिले नाहीत असं नाही. प्लगवर लावायचा हीटर आणला. लावला की अख्ख्या घराचा फ्यूज उडायचा. एक इलेक्ट्रिशियन बोलावला. नाकात नथनी घातलेला जाडजूड गडी. त्याने शिडी लावली, उघड्या यंत्रात विजेरीचा झोत टाकला आणि शिडीवरच थांबला.

“अहो बाई, यावर कोणीतरी काम करतंय ना आधीच?”

“हो. घरमालक. गुरुवारी येतात.”

“मग मी हात नाही लावणार. दुसऱ्याच्या अर्धवट कामात हात घालायचा नसतो. आमच्यात ते बरं दिसत नाही.” तो उतरला, बशीतले स्क्रू पाहून मान डोलावली. “पण माणूस नीटनेटका आहे हो. हळू आहे, एवढंच.”

“घाई नाही,” मोरॅगच्या तोंडून गेलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, लोसा आली. लोसा ही छातीच्या रुग्णांची घरोघर फिरणारी नर्स. मूळची सामोआची, आवाज भारदस्त, अंगात फुलाफुलांचा झगा आणि त्यावर तीन स्वेटर. तिने खोलीच्या मध्यभागी थर्मामीटर धरला, मग खिडकी उघडून हात बाहेर काढला आणि तिथेही धरला.

“आत सहा. बाहेर नऊ,” ती म्हणाली. “तुझ्या वडिलांना बागेत ठेवू या का?”

“दुरुस्ती चालू आहे.”

“किती दिवस?”

“सात आठवडे. पण मालक दर गुरुवारी येतात. नोटीस देऊन.” मोरॅगने फ्रिजवर चुंबकांनी लावलेली कॅलेंडरची पानं दाखवली.

लोसाने चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग खुर्ची ओढून बसली. सामोआची बाई, परवानगीशिवाय कधी बसत नसे.

“हे ट्वीडींचं अक्षर आहे.”

“हो. ओळखतेस तू त्यांना?”

“माझेच रुग्ण होते गं. नऊ मेला गेले. मीच डोळे मिटले त्यांचे.” लोसाने वर उताराकडे बोट दाखवलं. “झाडीमागे. घर म्हणजे नुसतं थडगं. त्यांचा स्वतःचा हीट पंप दोन वर्षं बंद होता. मी रोज म्हणायचे, आजोबा, कोणाला तरी बोलवा. म्हणायचे, भाग मागवलाय.”

मोरॅगने भिंतीकडे पाहिलं. हीट पंपाच्या उघड्या पोटातून एक वायर लोंबत होती, ती हलत होती. वारा नव्हता.

“पण ते येतात,” मोरॅग म्हणाली.

“वेळेवर?”

“ठोक्याला.”

“मग ते तेच,” लोसा म्हणाली. “आणि तू त्यांना काय लिहितेस?”

मोरॅगने सांगितलं. लोसाने कपाळावर हात मारला तो असा की थर्मामीटरचा पारा अर्धा अंश चढला.

“मेलेल्या माणसाला घाई नाही म्हणून लिहितेस? अगं त्याच्याकडे दुसरं आहे काय! तू सांगितलंस, सवड मिळेल तेव्हा. त्याला सगळी सवडच मिळालीये. तुझे वडील जातील, तू जाशील, हा डोंगर जाईल, तो गुरुवारी दोन वाजता येऊन स्क्रू काढत बसेल!”

“मग काय लिहू?”

“जे हवंय ते. आमच्याकडे आजीची कबर दारातच आहे. आम्ही तिच्यावर चटया वाळत घालतो, पण आधी विचारतो. मेलेल्यांशी स्पष्ट बोलावं लागतं. त्यांना आडून बोललेलं कळत नाही. घे कागद.”

मोरॅगने कागद घेतला. आयुष्यात तिने कधी उद्धट पत्र लिहिलं नव्हतं. पहिल्या खर्ड्यात दोनदा ‘कृपया’ आलं.

“खोड,” लोसा म्हणाली.

दुसऱ्यात ‘जमल्यास’.

“खोड.”

तिसऱ्यात नुसतंच ‘आशा आहे की’.

“कोणाला आशा आहे?”

“मला.”

“त्याला नाही ना? खोड.”

पाच वाजले, काळोख पडायला लागला, तेव्हा कुठे पत्र तयार झालं. ‘मिस्टर ट्वीडी, माझे वडील आजारी आहेत. त्यांना घरी यायचं आहे. खोलीत अठरा अंश हवेत. गुरुवारी दुपारी दोन वाजता या आणि काम पुरं करा. – मोरॅग रेनी.’ पुढे आभार नाहीत, मागे माफी नाही. मोरॅगने ते फाटकातल्या कप्प्यात ठेवलं, दोनदा परत काढलं, पुन्हा ठेवलं. भुताला पत्र टाकतोय म्हणून नाही. ‘प्रिय’ लिहिलं नाही म्हणून.

बुधवारी सकाळी दाराखाली पान होतं. पेन्सिल या वेळी जोरात टेकलेली होती.

‘नोटीस. उद्या दोन वाजता येईन आणि काम पुरं करीन. वडिलांचं आधीच सांगायला हवं होतं. – ट्वीडी.’

गुरुवारी मोरॅग स्वयंपाकघरात गेली नाही. रीत मोडायचीच तर नीट मोडावी, म्हणून ती वडिलांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून राहिली. टकटक झाली. तिने दार उघडलं, धरलं, लावलं. थंडी तिच्या अंगाला घासून आत गेली, अरुंद बोळातून कोणी अदबीने अंग चोरून जावं तशी. गालिच्यावर दोन चौकोन पांढरे झाले. बशीतले स्क्रू एक एक करून उठले आणि हवेत थोडे थांबले, चष्मा नसलेला माणूस एखादी वस्तू डोळ्यांजवळ धरतो तसे. कुर्र. कुर्र. एकदा एक स्क्रू खाली पडला आणि खोलीतून एक सुस्कारा ऐकू आला, इतका दमलेला, इतका म्हातारा, की भीतीने गारठलेल्या मोरॅगने वाकून तो उचलला आणि तळहातावर धरला.

तळहातावर बोटं टेकली. बोटं नव्हती, पण टेकली. पुढे महिनाभर त्या जागी तिला बधिर वाटत राहिलं.

“थँक यू,” ती म्हणाली. सवयच ती.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी झाकण वर चढलं. यंत्र एकदा खोकलं. आणि मग गरम हवा आली. जळक्या धुळीचा वास, आणि त्यामागून खरी, जाड, आळशी ऊब. दहिवराचे चौकोन वितळून गालिच्यात मुरले. दहा, तेरा, सोळा. अठराला मोरॅग रडायला लागली.

मग तिला दिसलं की थंडी गेलेली नव्हती. ती फक्त एका जागी गोळा झाली होती. वडिलांच्या खुर्चीसमोर पाहुण्यांची जुनी आरामखुर्ची होती. तिची गादी हळूच दबली, एखाद्या हलक्या माणसाच्या वजनाने, आणि दबलेलीच राहिली. कोणीतरी हीट पंपाकडे तोंड करून बसलं होतं. शेकत होतं.

मोरॅगने चहा बदलून दिला. आता या घडीला जा कसं म्हणणार?

शनिवारी अँगस रेनी घरी आला. लोसाने त्याला खुर्चीत बसवलं, नाकात नळी नीट केली, थर्मामीटर पाहिला.

“एकवीस.”

“एकवीस!” म्हातारा म्हणाला. “मला वितळवताय की काय?”

दिवस बरे चालले. खिडकीबाहेरची कोवाई अजून नुसत्या काटक्या होती, पण तो रोज तिच्याकडे बघून हजेरी घ्यायचा. मोरॅग सकाळची फेरी करून दुपारी परत यायची, चीज रोल भाजायची. तो अर्धा खायचा आणि दोन खाल्ल्याचं सांगायचा. आणि एका गुरुवारी ती आली तेव्हा तो समोरच्या खुर्चीकडे बघून हसत होता.

“ट्वीडी येऊन गेले,” तो म्हणाला.

मोरॅगने हातातली पिशवी खाली ठेवली. गादी दबलेली होती. “काय म्हणाले?”

“फार बोलत नाहीत. थंडी वाजते म्हणाले. म्हटलं, बसा. मीही गोठणघरातलाच, थंडीचं मला सांगू नका. चांगला माणूस आहे गं, तू उगाच नावं ठेवायचीस.”

“मी कधी नावं ठेवली?”

“मनातल्या मनात ठेवायचीस. मी विचारलं त्यांना, तिकडे कसं काय आहे?”

“बाबा!”

“त्यात काय? जायच्या आधी चौकशी करायला नको? म्हणाले, ठीक आहे. जरा दुरुस्तीला आलंय.”

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, एका बुधवारी, ती बोळात बूट काढत होती तेव्हा दाराखालून पान आत आलं. कॅलेंडरचं, पेन्सिलीचं. भाडेकरू म्हणून तिला त्याची इतकी सवय झाली होती की तिने एक बूट हातात धरूनच ते वाचलं.

‘नोटीस. नियमाप्रमाणे चोवीस तास आधी कळवीत आहे. उद्या, गुरुवारी, दुपारी दोन वाजता अँगस रेनी यांना न्यायला येईन. अडचण असल्यास कळवावे. – ट्वीडी.’

आतून रेडिओवर घोड्यांच्या शर्यतीचा आवाज येत होता आणि म्हातारा एका घोड्याला शिव्या घालत होता. शिव्यांच्या मधे मधे तो श्वास घ्यायला थांबायचा. ते थांबणं रोज थोडं थोडं लांबत होतं. मोरॅगला ते माहीत होतं, आणि बोळात उभं राहून तिने ते आणखी एकदा मोजलं.

तिने पेन काढलं. ‘येऊ नका’ असं लिहायचं मनात आलं, ठळक अक्षरांत, लोसासारखं. पेन कागदावर टेकलंसुद्धा. मग ती थांबली. एकच स्पष्ट पत्र तिने त्या माणसाला लिहिलं होतं, आणि त्याने ते ठोक्याला पाळलं होतं. स्पष्ट बोललेलं त्याला नीट कळत होतं. तो चिडून उद्याचा आजही येईल, कोणी सांगावं. सात आठवडे त्याला थोपवून धरलं होतं ते दुसऱ्याच कशाने तरी.

मोरॅगने नवा कागद घेतला, हातमोजे काढले आणि आयुष्यातलं सर्वात चांगलं पत्र लिहिलं.

‘प्रिय मिस्टर ट्वीडी, तसदीबद्दल मनापासून माफ करा. तुम्ही आमच्यासाठी एवढा त्रास घेता याचा संकोच वाटतो. हीट पंप उत्तम चालला आहे, त्याबद्दल पुन्हा एकदा आभार. बाबांचं म्हणाल तर त्यांची तशी फार अडचण होत नाही. श्वास थोडा आवाज करतो, पण घर जुनं आहे, कशाकशाचा आवाज येतच असतो. तुम्हाला इतर कामं असतील, ती आधी उरका. आमचं काम शेवटी ठेवलंत तरी चालेल. घाई अजिबात, अजिबात नाही. अगदी तुमच्या सवडीने. जमल्यास. आपली, मोरॅग, खालचं घर.’

तिने ते फाटकातल्या कप्प्यात ठेवलं, वर आल्याच्या बिस्किटांचा अख्खा पुडा ठेवला, आणि लोसाला काही सांगितलं नाही.

गुरुवारी म्हातारा जेवल्यावर खुर्चीतच झोपला. दोनला पाच मिनिटं कमी असताना मोरॅगने चहा ओतला. दोन वाजता टकटक झाली. तिने दार उघडलं, धरलं, लावलं. न उघडण्याचा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. पण बाहेर थंडी होती, आणि म्हाताऱ्या माणसाला दारात उभं करायचं नसतं.

थंडी तिच्याजवळून आत गेली. या वेळी ती पाहुण्यांच्या खुर्चीकडे गेली नाही. अँगसच्या खुर्चीसमोर जाऊन थांबली. झोपलेल्या तोंडातून वाफ यायला लागली. एक श्वास आला. मग नाही. मग, बऱ्याच वेळाने, कुर्र असा आवाज आला. भिंतीवरून नाही.

मोरॅग स्वयंपाकघरात गेली. ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली, घाई नाही, घाई नाही, घाई नाही. घड्याळात पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. खोलीतून पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला, आणि मग दार आपोआप लागलं, हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून लावतात तसं.

ती धावत गेली. म्हातारा घोरत होता. इतकं सुरेल घोरणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

चहावर बर्फाची साय होती. बशीखाली पान होतं.

‘पाहिलं. भाग मागवावा लागेल. – ट्वीडी.’

आणि बशीत, जिथे पहिल्या गुरुवारी पहिला स्क्रू ठेवलेला होता तिथेच, अँगसच्या स्वेटरचं सर्वात वरचं बटण होतं. तोडलेलं नव्हतं. नीट उसवून, धागा गुंडाळून ठेवलेलं.

म्हातारा जागा झाला, डोळे चोळले. “कोणी आलं होतं का?”

“ट्वीडी आले होते.”

“आणि?”

“भाग मागवायचाय म्हणाले.”

म्हाताऱ्याने गळ्याजवळ हात नेला. बटण नव्हतं तिथे त्याची बोटं थोडी थांबली. मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. काटक्यांवर हिरवट-पिवळ्या गाठी धरल्या होत्या, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणाऱ्या.

“मागच्या वेळी किती दिवस लागले होते गं भागाला?”

“सात आठवडे. मधे एकदा चुकीचा आला होता.”

“चुकीचाच येवो,” अँगस म्हणाला आणि रेडिओ लावला.

मोरॅगने शिवणाचा डबा आणला, त्याच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसली, आणि बटण परत शिवलं. दुहेरी दोऱ्याने, गाठीवर गाठ घालून. म्हातारा म्हणाला, एवढं घट्ट कशाला करतेस, रात्री मलाच काढायचं असतं. तिने आणखी एक गाठ मारली. बटण थंडगार होतं, आणि तिच्या बोटांत गरम व्हायला त्याला बराच वेळ लागला.